भिंतीवरचा स्वार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक खोली दिसते. तळमजल्यावरची, रस्त्याकडच्या बाजूची. डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे गजांची खिडकी. एक पलंग, दोन घडीच्या खुर्च्या, एक उंच स्टूल. खोलीच्या ऐन मधोमध, जिथे चारचौघांच्या घरी टीपॉय असतो, तिथे लाकडी ओंडक्यांवर चढवलेला मोटरसायकलचा सांगाडा. मागची सबंध भिंत काळपट हिरव्या रंगाची आणि तिच्यावर खडूने काढलेली तीच मोटरसायकल, पुऱ्या मापाची. तिच्यावर एक माणूस बसलेला आहे. त्याला नाक-डोळे नाहीत, नुसती कड आहे: डोकं, किंचित पोक आलेली पाठ, पुढे आलेलं पोट, वाकलेला गुडघा, टाच.

प्रकाश हळूहळू वाढवा. या खोलीत घाई केलेली मालकाला कधी चालली नाही.

मालक म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा रंगमंच-मिस्त्री. फिरता रंगमंच फिरवणं, जिने-दरवाजे उभे करणं, एका अंकातला वाडा दुसऱ्या अंकात तुरुंग करून देणं, हे सगळं त्याचं खातं. त्याला कंपनीत सगळे दोनसूत म्हणत. सूत म्हणजे सुताराच्या मापातला इंचाचा आठवा हिस्सा. कुठल्याही वस्तूकडे एक डोळा मिटून बघायचं आणि 'दोन सूत कमी' म्हणायचं, ही त्याची सवय. आणि वस्तूच कशाला, माणसांनाही तोच न्याय. आमची नायिका तिसऱ्या अंकात विष पिऊन कोसळायची. प्रेक्षकांत हुंदके सुरू असायचे आणि विंगेतून आवाज यायचा, "पडली झकास, पण दोन सूत अलीकडे." मेलेल्या बाईला हसू आवरायचं नाही. मी कंपनीत राजे-महाराजे करायचो, म्हणून मला तो जन्मभर 'राजे' म्हणत आला. त्यात मान किती आणि टिंगल किती, हे मी कधी मोजायला गेलो नाही.

कारागीर म्हणून त्याच्या पायाशी बसावं असा होता. त्याने उभा केलेला जिना कधी करकरला नाही, त्याचं दार कधी अडकलं नाही. आम्हा सगळ्यांची इज्जत त्या माणसाच्या खिळ्यांवर टांगलेली असायची, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याची शिकवायची तऱ्हा निराळी. हाताखालच्या सुताराने जिन्याची एक पायरी आखूड केली, तर ती पायरी ठोकली जात असतानाच दोनसूतला दिसायची. तो बोलायचा नाही. बिडी ओढत बघत राहायचा. जिना पूर्ण व्हायचा, रंग लागायचा, तालमीत नट धावत चढायचा आणि तोंडावर पडायचा. मग हा पुढे होऊन त्या सुताराला म्हणायचा, "आता काढ सगळं." मी एकदा विचारलं, अरे, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "आधी सांगितलेलं कानात राहतं, राजे. नाक फुटल्यावर कळलेलं हाडात राहतं." नाक दुसऱ्याचं फुटलं होतं, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती.

कंपनी बंद पडली. आम्ही दोघं एकाच इमारतीत राहायला आलो. तो खाली, मी वर. त्याची बायको आधीच वारली होती. मुलं दोन, थोरला आणि धाकटी. थोरला बापासारखा ताडमाड. त्याला दोनसूतने लहानपणापासून करवत-रंधा हातात देऊन शिकवायचा आटापिटा केला. तो मिसरूड फुटल्याबरोबर दुसऱ्या शहरात पळाला आणि न्हाणीघराच्या फरशा विकायला लागला. धाकटीला कुणी काही शिकवलं नाही. तिने स्वतःच एका दंतवैद्याच्या लॅबमध्ये काम धरलं. मेणाचे साचे, प्लास्टर, घासकाम. दिवसभर लोकांच्या कवळ्या करायची. बापाचीही कवळी तिनेच केली होती. ती त्याने पहिल्या दिवशी तोंडात घातली, दोनदा दात वाजवले आणि काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग ती मोटरसायकल आली. डोंगरातल्या विजेच्या तारा तपासणारे लोक वापरायचे तसली, जुनी, एका सिलिंडरची. डांबरावरही चालते आणि डांबर संपल्यावर दगडधोंड्यांतूनही जाते, अशी जात. लांब टांगा, उंच मडगार्ड, सीट जवळपास माझ्या कमरेला लागणारी. इमारतीतले लोक म्हणाले, "ही गाडी आहे का शिडी?" दोनसूतने उंबरठा उखडला आणि ती सरळ खोलीत घेतली.

"हे काय रे, या वयात?" मी म्हटलं.

"जन्मभर जग जागच्या जागी फिरवलं, राजे. आता एकदा सरळ जायचंय. घाट चढायचा, डांबर संपलं तरी थांबायचं नाही, पलीकडे उतरायचं."

पण आहे तशी ती त्याला नको होती. तिला आपल्या मापाची करून घ्यायची होती, आणि मापाची करायची म्हणजे आधी बेत. दोनसूतचे बेत कागदावर होत नसत. कागदावर काढलेलं घर कागदावरच राहतं, असं तो म्हणायचा. नाटकाचा सेट आम्ही आधी जमिनीवर खडूने पुऱ्या मापाचा आखायचो, नट त्यात चालून बघायचे, मगच लाकूड कापलं जायचं. त्याने तीच रीत भिंतीवर आणली. आधी माणूस, मग गाडी. उंच स्टूलावर भिंतीला खेटून बाजूने बसला, हात पुढे धरले, जणू हँडल आहे, आणि धाकटीला म्हणाला, "काढ."

ती खडू घेऊन त्याच्या अंगाभोवती कड ओढत होती. मी दारात उभा.

"हलू नका ना, बाबा."

"मी खांबासारखा आहे. तुझा हात हलतोय. कवळ्या करताना पण असाच हलतो का? म्हणून गावाला चावता येत नाही."

त्या माणसाच्या खाली मग गाडी उतरली. पांढरा खडू म्हणजे आहे ते, तांबडा म्हणजे बदलायचं, निळा म्हणजे कापून टाकायचं. अवजड टाकी जाणार, लहान येणार. सायलेन्सर वर उचलायचा, पाण्यातून जाताना बुडू नये म्हणून. सीट लांब आणि सपाट, खडकाळ वाटेवर उभं राहून चालवता यावं अशी. रोज एक रेघ पुसायची, एक काढायची. मी रोज चहा घेऊन खाली जायचो आणि नवी रेघ शोधायचो. एकदा सहज म्हटलं, "अरे, तू हिची एकच बाजू काढलीयेस. दुसरी?"

तो खरोखर गोंधळला. मग म्हणाला, "त्या बाजूला प्रेक्षक कुठे असतात?"

बेत पुरा होत आला होता, आणि एके सकाळी दात घासताना तो न्हाणीघरात कोसळला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ अडखळायला लागली, पण तिची धार शाबूत राहिली. दवाखान्यातून आणून त्याला घडीच्या खुर्चीत बसवला, भिंतीसमोर. तो दिवसभर त्या खडूच्या माणसाकडे बघायचा. त्या माणसाचा उजवा हात मूठ वळून हँडलवर होता.

एक दिवस धाकटी लॅबमधून आली, हात धुतले आणि पान्ह्यांची पेटी उघडली. "कुठून सुरू करू?" एवढंच विचारलं. दोनसूतने तिच्याकडे बघितलंही नाही. डाव्या हातात बांबूची काठी होती, ती उचलून भिंतीवरच्या मागच्या चाकावर टेकवली.

त्यानंतरचा काळ मी वरच्या जिन्यावरून पाहिला आणि ऐकला. ती कामावरून यायची, त्याला भरवायची, पुसायची, आणि कामाला लागायची. लहान वस्तूंवर बसलेले तिचे हात, पण काय चालायचे. मेण आणि प्लास्टर वापरणाऱ्या बाईला लोखंडाची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. तिने कार्ब्युरेटर खोलला तो दाढ साफ करावी तसा. बाप काठीने दाखवायचा आणि तोंडाने सोलायचा.

"घट्ट कर. लाजतेस काय, नवरा आहे का तो नट?"

"झाला घट्ट, बाबा."

"थोरल्याने एका झटक्यात केला असता."

थोरल्याने आयुष्यात एकच नट घट्ट केला होता, तोही उलटा. पण रविवारी त्याचा फोन आला की दोनसूतचा आवाज लोण्यासारखा व्हायचा. "जेवलास का रे राजा? फार धावपळ करू नकोस." धाकटी तेव्हा खाली बसून चेन घासत असायची.

तिच्या लॅबमधला एक माणूस होता, चिनीमातीचे दात भाजणारा. सभ्य, मवाळ. तो एकदा घरी आला, तिच्याबद्दल बोलायला. खुर्चीसमोर स्टूलावर बसला. दोनसूतने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हिचे हात बघून आलास ना?" म्हणाला. "हातच बघत राहा. वर बघितलंस की पळून जाशील." स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज येत होता तो थांबला. तो माणूस चहा न घेता गेला आणि परत आला नाही. धाकटीने त्या संध्याकाळी मागच्या चाकाच्या तारा ताणल्या. एकेक तार ताणायची, बोटाने वाजवून बघायची, पुढची घ्यायची. बापाने एकही चूक काढली नाही.

आता मोटरसायकल बांधताना ती बसून बघावी लागते. गुडघा कुठे येतो, कोपर किती वाकतं, उतरताना पाय जमिनीला टेकतात का. दोनसूत बसू शकत नव्हता, म्हणून धाकटी बसायची. ती बापापेक्षा वीतभर ठेंगणी. पहिल्यांदा ओंडके काढून ती चढली तेव्हा दोन्ही पाय अधांतरी. एक अंगठा टेकवायला गेली आणि गाडी कलंडली, तिची तंगडी खाली सापडली. आवाज ऐकून मी धावत खाली गेलो. ती जमिनीवर, दात-ओठ आवळून. खुर्चीतून प्रश्न आला, "टाकीला पोचा पडला का?"

मी गाडी उचलली. तिने पाय चोळला, टाकी तपासली आणि म्हणाली, "नाही पडला."

त्या दिवसापासून गाडी खाली यायला लागली. अगदी थोडी थोडी. पुढच्या फोर्कचे दांडे तिने क्लॅम्पमधून बोटभर वर सरकवले, म्हणजे पुढून गाडी तेवढीच खाली बसली. मागचे शॉकअप आखूड घातले. हँडल मागे घेतलं. सीटचा तर तिने साचाच घेतला, कवळीचा घेतात तसा. ओल्या प्लास्टरवर कापड टाकून स्वतः बसली आणि त्यावरून फोम तासला. आणि जे गाडीत बदललं, ते भिंतीवरही बदललं. बाप डुलकी घ्यायचा तेव्हा ती ओल्या चिंधीने एक रेघ पुसायची आणि तसल्याच पांढऱ्या खडूने दुसरी ओढायची. भिंतीवरच्या माणसाचं पोट गेलं, खांदे उतरले, पोक गेलं. मला वाटलं, खुर्चीतला वाळतोय म्हणून भिंतीवरचाही वाळतोय. मग एकदा त्याच्या मानेची कड पाहिली आणि उमगलं की हा दोनसूत राहिलेलाच नाही, ही धाकटी आहे.

मी तिला पाण्याच्या नळाशी गाठलं. "पोरी, हे काय चालवलंयस?"

ती बादली भरत राहिली. "काका, आमच्या लॅबमध्ये एक नियम असतो. ज्याच्या तोंडाचा साचा, त्याचीच कवळी. दुसऱ्याला घातली तर टोचते, ती कुणी घेत नाही. बाबा आता चालवू शकणार नाहीत. दादाला नको आहे, मी विचारलंय. मग एकदा माझ्या मापाची झाली की आपोआप माझीच होणार ना?"

"मागून घे ना सरळ."

"मागितलं तर नाही म्हणतील. झाल्यावर काय म्हणतील?" मग हळूच म्हणाली, "मी लायसन्स काढलंय, काका. मला तो घाट उतरायचाय. पलीकडे काय आहे ते मला नाही माहीत. पण तिथे कुणी 'काढ आणि पुन्हा कर' म्हणणार नाही."

मला तिचं कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. कारण तो जिना, तो रंग, ती तालीम मी पाहिलेली होती. पण विचार केला, तो आता आजारी आहे, डोळे अधू झाले असतील, झोपतो पुष्कळ. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

गाडी पूर्ण झाली त्या दिवशी दोनसूतने थोरल्याला बोलावून घेतलं होतं. थोरला इस्त्रीच्या शर्टात आला, अंग चोरून भिंतीला उभा राहिला. मीही होतो. धाकटी चढली. दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. तिने किक मारली, दुसरी मारली, आणि इंजिनाने असा काही धडधडाट केला की खिडकीचे गज वाजले. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या ऐकल्या. त्या आवाजासारखी एकही नाही. दोनसूतचा डावा हात काठीसकट वर गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं सांगत नाही.

धाकटी हसत होती. "बाबा, एक चक्कर मारून येऊ?"

"उतर," तो म्हणाला. "थोरल्या, बस."

"मला कुठे येते चालवता, बाबा?"

"बस म्हटलं ना."

थोरला बसला. त्याचे गुडघे हँडलला अडले, कोपरं बरगड्यांत गेली. उंट पाटावर बसवावा तसा दिसत होता. दोनसूतने इंजिन बंद करायची खूण केली आणि काठी उचलली.

"सीट चार बोटं वर. फोर्क बोटभर खाली सोड. हँडल दीड इंच पुढे, तू तीन वेळा मागे घेतलंस. मागचे शॉकअप जुनेच घाल, पलंगाखाली ठेवलेयस ते." तो भिंतीकडे वळला. "आणि याला त्याचे खांदे परत दे."

इतकं सलग तो आजारपणानंतर कधी बोलला नव्हता. धाकटी म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या रेघेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पुढे हात लावला असतास का?"

ती जागची हलली नाही. "बाबा, साचा माझा आहे."

"कवळी आहे का ही?"

"अरे बाबा, मला नकोय गाडी," थोरला म्हणाला. "तिलाच दे." हे त्याने मनापासून म्हटलं, हे त्याच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

"तू गप. शिकशील," बाप म्हणाला. "भिंतीवर मी बसलो होतो. तुझं अंग माझं आहे. तिचं आईचं आहे." मी मध्ये पडलो, तसा माझ्याकडे वळून म्हणाला, "राजे, तुमचा प्रवेश झाला. विंगेत जा."

धाकटीने ते सगळं केलं. मला वाटलं होतं रडेल, निघून जाईल, निदान पान्हा फेकेल. तिने सीट वर घेतली, फोर्क सोडले, जुने शॉकअप पलंगाखालून काढून बसवले. भिंतीवर बापाची पाठ, पोट, पोक, सगळं परत काढलं, आठवणीने, आणि ते हुबेहूब होतं. मग विचारलं, "झालं भिंतीसारखं?"

त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "झालं."

ती बादली घेऊन आली. त्याच्या समोर तिने भिंत धुतली, वरपासून. डोकं गेलं, खांदे गेले, हँडल धरलेली मूठ गेली. पांढरं पाणी जमिनीवर उतरून त्याच्या चपलांपर्यंत आलं. त्याला पाय उचलता येत नव्हता. मी दारात उभा होतो. आता तरी काही म्हणेल, असं वाटलं. त्याने काठी उचलली आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्याकडे दाखवली. "तिथे राहिलंय," म्हणाला. तिने तिथेही पुसलं.

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. वेळेवर भरवायची, वेळेवर औषध द्यायची, कूस बदलून द्यायची, आणि तोंड मिटलेलं. काठी तिने काढून घेतली आणि दाराच्या कडीला अडसर म्हणून लावली. तो खुणा करायचा, तिला दिसायच्या नाहीत. कोण जास्त क्रूर, हे ठरवायला मला बसवू नका. मी दोघांच्याही हातचा चहा प्यायलोय.

मग दुसरा झटका आला आणि तो दवाखान्यात गेला, तो पलंगावरून उठला नाही. कवळी काढून वाटीत ठेवलेली. गाल आत गेले होते, आमच्या एका नाटकातल्या म्हाताऱ्या कैद्यासारखे. जीभ पार जड झालेली. नर्सने काही विचारलं तर घशातून नुसता आवाज निघायचा. मी गेलो तेव्हा धाकटी उशाशी बसून त्याचे ओठ कापसाने ओले करत होती. मी स्टूल ओढलं आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

"ऐक," मी म्हटलं. "थोरल्याचा मला फोन आला होता. त्याला ती गाडी खरंच नकोय, तो न्यायला येणार नाही. ती खोलीत उभी आहे. जिने बांधली तिला देऊन टाक. बोलता येत नसेल तर मान हलव. मी साक्षीला आहे."

धाकटीचा कापूस धरलेला हात थांबला. तिने वर बघितलं नाही, पण ती ऐकत होती. तिच्या मानेवरून कळत होतं.

त्याने मान वळवली. तिच्याकडे बघायला लागला, केसांपासून सुरुवात करून. कपाळ, खांदे, हात, मग कंबर, मग गुडघे, मग पलंगाच्या कडेवरून खाली, तिच्या चपलांपर्यंत. फार सावकाश. एक डोळा मिटला होता, तो आजाराने की सवयीने, देव जाणे. मला वाटलं, आता मान हलणार. मी त्याचा हात दाबला.

त्याने ओठ हलवले, आणि बिनदातांच्या तोंडातून, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल इतकं स्वच्छ म्हणाला,

"तिचे पाय पोचत नाहीत, राजे."